अर्धी सुपारी

भासऱ्याचं नाव बाईनं घेऊ नये, असं माझ्या आईनं मला सासरी पाठवताना बजावलं होतं. नवऱ्याच्या मोठ्या भावासमोर उभं राहायचं नाही, त्याच्याशी बोलायचं नाही, तो ओसरीवर बसला असेल तर मागच्या दारानं जायचं, आणि नाव तर तोंडातून काढायचंच नाही. मी सगळं पाळलं. आता माझे दात पडले, टोकणारंही कोणी उरलं नाही, तेव्हा घेते. बकाराम. बकाराम शिवणकर, राहणार आमगाव. झालं, घेतलं. आकाश काही पडलं नाही.

घरात दोघं भाऊ. आमचे हे धाकटे. सासरे वारल्यावर हिस्से व्हायचे होते, तर भासऱ्यांनी वाटणी करायला कोणाला येऊच दिलं नाही. म्हणाले, "धानाच्या बांध्या लहान्याले राहू द्या. मले मोटर घेऊन द्या, माजा हिस्सा झाला." गाव हसलं. बांधी दर साली पिकते, मोटर काय पिकणार? पण लढाईच्या वेळी ते नागपूरला फौजेच्या मोटरखान्यात कामाला होते आणि तिथूनच ते वेड डोक्यात शिरलेलं. फौजेच्या निलामातली एक जुनी मोटर त्यांनी आणली, तिला स्वतः हिरवा रंग दिला, आणि आमगाव टेसनापासून देवरीपर्यंत सवाऱ्या न्यायला लागले. उन्हाळ्यात रस्ता कोरडा असला की पुढं चिचगडपर्यंतही.

म्हणजे मी आजवर जो भात खाल्ला तो त्यांनी सोडलेल्या बांध्यांचा. चूल एक होती, घर एक होतं, पण शेत आमच्या ह्यांच्या नावावर आणि त्यांच्याकडे ती मोटर सोडून दुसरं काहीच नाही. एवढं ध्यानात ठेवा, म्हणजे मला पुढं राग कशाचा आला ते कळेल.

मोटर चालवायची तर परमिट लागे आणि परमिट पाहिजे तर बीमा लागे. दुसरे मोटरवाले बीम्याच्या नावानं शिव्या देत. भासरे मात्र दर साली आंघोळ करून, धुतलेला सदरा घालून गोंदियाला जात आणि तिथल्या एजंटकडे, यादोरावांकडे, पैसे भरून येत. साधा स्वस्तातला बीमा नव्हे, आपल्या मोटरीचं नुकसान झालं तरी भरून मिळेल असा मोठा बीमा. येऊन ओसरीवर बसून जाऊबाईंना समजावत, "हे पाय, गावात कोनाचं घर जरलं का सारे जन एक-एक बांबू देतेत, छपराले एक-एक भारा तनीस देतेत. ह्याच्यात आपन बांबू आदीच देऊन ठेवतो. आपलं जरलं का मंग सारे देतीन." मला आतून ऐकू येई. वाटायचं, माणूस भोळा आहे. पण पटायचंही.

ते साल त्रेपन्न. दिवाळी झाली आणि मंडई आली. आमच्याकडे भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते. बाहेरगावचे पाहुणे येतात, दुकानं लागतात, दंडार नाचते, घरात कोणी थांबत नाही. त्या दिवशी आमचा सगळा मोहल्ला मंडईत होता. मी तेवढी घरी, कारण पोरीला गोवर आला होता. तिला आत निजवून मी ओसरीवर धान पाखडत बसले होते.

मोटर अंगणात होती. आता नीट ऐका, कारण पुढं सगळी भानगड ह्याच्यावरच झाली. आमच्या अंगणाला कुंपण नव्हतं, पण रस्ता कुठं संपतो आणि अंगण कुठं लागतं ते शेंबड्या पोरालाही माहीत होतं. मोटर रस्त्यावर नव्हती. रस्ता सोडून आत, निंबाच्या बुडाशी उभी होती. तिचा हातातला ब्रेक धरत नसे म्हणून चाकांना पुढून-मागून दगड लावलेले. ते दगड लावल्याशिवाय भासरे मोटरीपासून कधी दूर झाले नाहीत.

तेवढ्यात दुलीचंद शेठच्या राइस मिलचा ट्रक आला, धानाच्या पोत्यांनी भरलेला. मोठा रस्ता मंडईनं भरलेला, म्हणून ड्रायव्हरनं आमच्या गल्लीत घातला. पुढं गल्ली बंद. मग तो लागला मागं घ्यायला. ड्रायव्हर छोटेलाल, छत्तीसगडकडचा, नवाच होता. मागं कोणी पाहायला नाही, पोत्यांपलीकडचं त्याला दिसत नाही. ट्रकचं ढुंगण सरळ अंगणात. मी ओरडले. सूप ओट्यावर आपटलं. इंजिनाच्या आवाजात कोण ऐकतं? दगड उडाले आणि आमची मोटर ट्रक आणि निंब ह्यांच्यामध्ये चेपली गेली. निंबाची साल निघाली, ती खूण बरीच वर्षं राहिली.

छोटेलाल खाली उतरला, मोटरीकडं पाहिलं आणि डोकं धरून तिथंच मातीत बसला. रडायलाच लागला. मला त्याचा इतका राग आला होता की ते सूप त्याच्या टाळक्यात घालावं. पण केलं काय, तर तांब्याभर पाणी ओट्याच्या कडेला ठेवलं आणि आत गेले.

भासरे मंडईतून आले. कोणीतरी धावत जाऊन सांगितलंच होतं. आरडाओरडा केला नाही. मोटरीभोवती फिरले, वाकून खाली पाहिलं, दार उघडून पाहिलं, ते उघडेना. पुढचं तोंड निंबानं आत ढकललेलं, पाणी गळत होतं, एक चाक तिरपं. मग ओसरीवर येऊन बसले आणि पागोटं काढून बाजूला ठेवलं.

मी चुलीपाशी जाऊबाईंना सगळं सांगितलं. सुशिलाबाई माझी जाऊ, गरीब बाई. मी तिला सांगत होते, पण आवाज ओसरीपर्यंत जाईल असा काढला होता. आमच्या घरची हीच रीत होती. भासऱ्यांना काही कळवायचं तर जावेशी मोठ्यानं बोलायचं. "मोठ्या बाई, मोटर जाग्यावर होती, दगड लावून होती, मी ह्या डोऱ्यांनी पायलं, ट्रक अंगनात येऊन धडकला." भासरे ओसरीवरून खाकरले. म्हणजे ऐकलं.

दिवे लागायच्या वेळी दुलीचंद शेठ स्वतः आले. सोबत आमच्या मोहल्ल्यातले म्हातारे शालीकराम, ज्यांचा शब्द पंचात शेवटचा. शेठ वाईट बोलले असं मी म्हणणार नाही. म्हणाले, "बकाराम भाई, गलती हमारे ड्रायव्हर की है. दुरुस्तीले जो लागन तो खर्चा मी देतो. और इस छोटेलाल को मैं निकाल देता हूँ, पुलिस में देना है तो दे दो."

आणि आमचे भासरे काय म्हणतात? "नोको शेठ. माजा बीमा हाये. कंपनी देल. अन् त्याले काढू नोका जी, त्याचे लेकरं गावाकडं हायेत."

माझ्या हातातला भाताचा गंज सुटता सुटता राहिला. अरे, देणारा दारात उभा आहे, आणि हा देवमाणूस त्याला परत पाठवतो. पण मी कोण बोलणार? मी भिंतीमागं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मारुतीच्या पारावर पंच बसले. आमच्या मोहल्ल्यात भांडण मिटवायची एक रीत होती. ज्याच्या हातून चूक झाली त्यानं पितळी ताटलीत सुपारी घेऊन उभं राहायचं. पंचातल्या म्हाताऱ्यानं ती अडकित्त्यानं मधोमध कापायची. चूक करणाऱ्यानं अर्धी खायची, उरलेली अर्धी ज्याचं नुकसान झालं त्यानं. आणि खाताना त्यानं म्हणायचं, "अर्धा दोष तुजा, अर्धा माजा." दोष खरंच अर्धा असतो असं नाही. समोरच्याला पुन्हा गावात मान वर करून फिरता यावं म्हणून तसं म्हणायचं. एकदा सुपारी खाल्ली की ती गोष्ट कोणी काढायची नाही. काढली तर त्याची थू थू.

छोटेलाल ताटली घेऊन उभा होता. "मोर ले गलती होगे भैया," एवढंच म्हणत होता. शालीकरामांनी सुपारी कापली. भासऱ्यांनी आपली अर्धी उचलली आणि म्हटलं, "अर्धा दोष तुजा, अर्धा माजा. म्या मोटर तिथं उभी करालेच नोको होती." हे शेवटचं कोणी म्हणायला सांगितलं नव्हतं. ते त्यांनी पदरचं घातलं, त्या पोराचं रडणं थांबावं म्हणून. सगळ्या पंचांच्या तोंडून वा वा निघालं. आम्ही बाया विहिरीपाशी उभ्या होतो. मी घागर इतक्या जोरात टेकवली की तिला पोचा आला.

दोन-चार दिवसांनी यादोराव गोंदियाहून गाडीनं आले. बारके, सतत घाम पुसणारे. मोटर पाहिली आणि विचारलं, "पोलिसात खबर दिली का?"

भासरे म्हणाले, "पंचात मिटलं ना जी. पोलीस कायले?"

"मिटलं म्हणजे कसं मिटलं?"

भासऱ्यांनी सगळं सांगितलं, सुपारीसकट. यादोराव बाजेवर बसले ते उठेचनात. मग हळू आवाजात म्हणाले, "बकारामजी, नागपूरहून साहेब मोटर पाहायला येतील. त्यांच्यासमोर ह्या सुपारीचं नाव काढू नका. मैं हाथ जोड़ता हूँ."

"काऊन? लपवाचं कायले? चांगलंच तं केलं आपन."

यादोराव चहा तसाच ठेवून गेले.

साहेब यायला महिना गेला. तोवर मोटर हलवायची नाही असं बजावून ठेवलेलं. ती निंबाशी तशीच टेकून, तिच्या टपावर कोंबड्या बसायला लागल्या. देवरीच्या सवाऱ्या दारात येऊन परत जात. भासरे रोज सकाळी तिच्यावरची पानं झाडत आणि दिवसभर ओसरीवर बसून राहत. रिकामा बसलेला तो माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आमचे हे म्हणाले, "दादा, बांधीवर चाला ना." ते म्हणाले, "मी बांधीवर येऊन काय करू? ते तुजी हाये." रागानं नव्हे, खरं तेच म्हणाले. मला मात्र ते फार लागलं.

आणि परमिटचीही भीती होती. मोटर जास्त दिवस बंद राहिली तर परमिट जाईल, आणि त्याच रस्त्यावर शेठच्या भाच्याला बस चालवायची आहे, हे गावभर झालं होतं. बीम्याचे पैसे आले तर मोटर उभी राहते, नाही आले तर माणूस बसतो. इतकं सरळ होतं ते.

साहेब आले. नागपूरचे, चष्मेवाले, बोलायला नम्र. निंबाखाली खुर्ची टाकली. त्यांनी मोटर आतून-बाहेरून पाहिली, चाकाची माती खरवडून पाहिली, दगडांबद्दल विचारलं. भासरे उत्तरं देत होते. सगळं चांगलं चाललं होतं. पण साहेब आले म्हटल्यावर अर्धा मोहल्ला अंगणात जमलेला, आणि आमच्या लोकांना चांगल्या माणसाबद्दल चांगलं बोलल्याशिवाय राहवत नाही.

शालीकराम म्हणाले, "साहेब, हा मानूस लाखात एक हाये. एवढं नुकसान झालं, पन भर पंचात म्हटलं का अर्धा दोष माजा."

दुसरा म्हणाला, "हो जी. मोटर तिथं उभी करालेच नोको होती, असंबी म्हटलं. अशा दिलाचा मानूस कुठं भेटते?"

तिसऱ्यानं सांगितलं की शेठ खर्च द्यायला आला होता, तोही ह्यानं घेतला नाही. जो तो पुढं होऊन सांगत होता. कोणाच्याच मनात पाप नव्हतं. साहेब लिहायचे थांबले, त्यांनी पेनाचं टोपण लावलं. मला आतून ते दिसलं.

साहेब भासऱ्यांना म्हणाले, "बकारामजी, तुम्ही असं बोललात?"

"हो जी."

"मग कंपनीचं कसं होतं ते ऐका. तुमचं नुकसान कंपनी भरते आणि ज्यानं धडक मारली त्याच्याकडून ते वसूल करते. तुम्ही तर त्याला सोडून दिलंत. वर चूक तुमची होती असं चारचौघांत कबूल केलंत. आता कंपनी वसूल कोणाकडून करणार?"

भासऱ्यांना तोवर खरंच कळलं नव्हतं की आपण बोललेलं कोणी खरं धरील. पंचात सगळ्यांना माहीत असतं की ते म्हणायचं असतं.

तो साहेब वाईट नव्हता. त्यालाही ते दिसत असणार. म्हणाला, "हे पाहा, तुमच्याकडची रीत म्हणून तुम्ही तसं म्हणालात, असं मी लिहू शकतो. पण मग प्रत्यक्षात काय झालं ते कोणीतरी सांगायला हवं. धडक बसली तेव्हा कोणी पाहणारं होतं का?"

"सारे मंडईत होते," शालीकराम म्हणाले.

भासऱ्यांनी माझ्याकडं पाहिलं नाही. पाहणार कसे. पण त्यांना माहीत होतं आणि मला माहीत होतं की त्यांना माहीत आहे.

मी बाहेर आले. कशी आले ते मला आजही नीट सांगता येत नाही. डोक्यावरचा पदर नाकापर्यंत ओढला आणि ओसरीच्या पायरीवर उभी राहिले. अंगण पुरुषांनी भरलेलं, त्यात भासरे. माझी सासू असती तर तिथंच मेली असती. मी कोणाकडं पाहिलं नाही. त्या निंबाकडं तोंड केलं आणि निंबालाच सांगितलं, "मोटर रस्त्यावर नोयती. अंगनात होती, चाकाले दगड होते. ट्रक मांगं घेताना अंगनात आला. म्या पायलं. मोटरवाल्याचा अर्धा सोडा, रतीभर दोष नाई."

साहेबांनी टोपण पुन्हा काढलं. ते भासऱ्यांना म्हणाले, "ह्या बाई म्हणतात ते खरं आहे? तुम्ही हो म्हणा, मी लिहितो."

आता एक शब्द. हो म्हटलं की मोटर परत. पण समोर शालीकराम, ज्यांनी सुपारी कापली. मिलच्या मुनिमाशेजारी तो छोटेलाल उभा, पुन्हा डोळ्यांत पाणी आणून. हो म्हटलं की खाल्लेली सुपारी ओकल्यासारखं झालं, आणि त्या पोराच्या मागं पोलीस. हे सगळं मला आता समजतं. तेव्हा मी फक्त ऐकत होते.

भासरे जमिनीकडं पाहत म्हणाले, "बाई घरात होती. तिनं काई पायलं नाई."

मी आत गेले. पोरीजवळ जाऊन बसले. बाहेर साहेबांची खुर्ची सरकल्याचा आवाज आला, लोक पांगल्याचा आवाज आला. जाऊबाई आल्या आणि माझ्या पाठीवर हात ठेवला, तो मी झटकून टाकला. लाज सोडून मी ज्याच्यासाठी बाहेर आले त्यानंच मला भर अंगणात खोटं पाडलं. मोटर गेली ह्याचं दुःख होतंच. पण माझे डोळे, माझी जीभ, हे काय मी उसनं आणलं होतं?

बीमा नामंजूर झाला. यादोरावांनीच येऊन सांगितलं, आणि ह्या खेपेला चहा पिऊन गेले. शेठकडं आता मागायला तोंड नव्हतं. त्यांनी दिलं तेव्हा नको म्हटलं होतं, आणि शेठही काही दुसऱ्यांदा विचारायला आले नाहीत. परमिट गेलं. मोटरचं चांगलं सामान एका गॅरेजवाल्यानं नेलं, उरलेलं लोखंड भंगारात. शेठच्या भाच्याची निळी बस देवरीच्या रस्त्यावर धावायला लागली. आणि तिच्यावर ड्रायव्हर कोण, तर आमचे भासरे. त्या रस्त्याचा एकेक खड्डा त्यांना ठाऊक, मग दुसरा कोण मिळणार? मालकीच्या जागी नोकरी आली. सकाळी लवकर जात, अंधार पडता येत, आणि बोलणं अजून कमी झालं.

आणि मी काय केलं? माझ्या हातात एकच गोष्ट होती. घरात वाढायचं काम माझं. मी त्यांच्या ताटात लोणचं वाढणं बंद केलं. त्यांना आंब्याच्या लोणच्याशिवाय भात जात नसे, हे सगळ्या घराला माहीत. ताट भरून जाऊबाईंच्या हाती द्यायची, वरण, भात, भाजी, सगळं गरम, सगळं नीट, फक्त लोणचं नाही. त्यांनी एकदाही मागितलं नाही. जाऊबाई हळूच वाढायला गेल्या तर त्यांनी हात आडवा धरला. असं दोन साल चाललं. तुम्ही म्हणाल, काय बाई आहे. असेन मी. मला माझं खरेपण परत पाहिजे होतं.

मग श्यामलालची बंडी. श्यामलाल कुंभार, बाजाराच्या दिवशी मडकी घेऊन येई. त्या दिवशी त्यानं बैल सोडून बंडी पिंपळाखाली उभी केली होती, मडक्यांनी भरलेली. भासरे बस मागं घेत होते. कंडक्टर मागं उभा राहून सांगतो, तो तेव्हा सवाऱ्यांशी भांडत होता, आणि भासऱ्यांनी त्याची वाट न पाहता बस घेतली. बंडी आडवी झाली, तिचा कणा मोडला आणि सगळी मडकी फुटली. श्यामलालच्या घरचा तो सगळा भाजलेला माल, लग्नसराईसाठी केलेला.

पुन्हा मारुतीचा पार, पुन्हा पंच. आता ताटली भासऱ्यांच्या हातात. शालीकराम पार वाकले होते, पण अडकित्ता त्यांच्याकडंच. आम्ही बाया विहिरीपाशी. मी जाणार नव्हते, पण पाय घेऊन गेले. सुपारी कापली. श्यामलालनं आपली अर्धी उचलली. काटकुळा माणूस. म्हणाला, "अर्धा दोष तुमचा, अर्धा..."

"थांब," भासरे म्हणाले. "तुजी बंडी कुठं होती?"

"पिंपराखाली जी."

"रस्त्यावर होती का?"

"नाई."

"मंग तुजा अर्धा कायचा?"

त्यांनी श्यामलालच्या बोटांतली अर्धी सुपारी काढून घेतली. दोन्ही अर्ध्या आपल्या तोंडात टाकल्या आणि चावू लागले. शालीकराम म्हणाले, "बकाराम, हे रीत नोये."

भासऱ्यांनी चावणं संपवलं. मग बोलले, आणि इतक्या मोठ्यानं की विहिरीपाशी नीट ऐकू यावं. पाठ आमच्याकडंच होती, वळले नाहीत. "पुरा दोष माजा. श्यामलाल, बसचा बीमा हाये. तू मालकाकडं भरून माग. कंपनीचा साहेब आला का मी सांगन त्याले, चूक कोनाची होती ते." मग पुढं म्हणाले, "मांगच्या टायमाले माया घरच्या बाईनं खरं सांगतलं होतं. तिनं पायलं होतं. खोटं मी बोललो."

माझ्या शेजारच्या बाया माझ्याकडं वळून पाहायला लागल्या. मी रहाट धरला आणि पाणी ओढत राहिले. घागर भरली तरी ओढत होते.

बसमालकानं त्यांना त्याच दिवशी कामावरून काढलं. ड्रायव्हरच सगळी चूक कबूल करतो म्हटल्यावर तो ठेवील कसा. श्यामलालला भरपाई मिळाली, निम्मी की पुरी ते मला ठाऊक नाही, पण त्याची बंडी पुन्हा बाजारात दिसली. भासरे त्यानंतर कधी कोणत्या मोटरीवर बसले नाहीत. आमच्या ह्यांच्यासोबत बांधीवर जायला लागले, आपणच सोडलेल्या बांध्यांवर, गड्यासारखे.

त्या दिवशी घरी आले तेव्हा मी ताट वाढलं. भात, वरण, आणि डाव्या बाजूला आंब्याच्या लोणच्याची मोठी फोड, तेलासकट. जाऊबाईंनी ताट पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि ओसरीवर घेऊन गेल्या. मी दाराआड उभी राहिले.

ताट परत आलं तेव्हा भात संपला होता. लोणच्याची फोड तशीच होती. सुपारी कच्ची निघाली होती म्हणे, दोन्ही अर्ध्यांनी तोंड सोललं होतं, आणि त्याला तिखट लागू देता येत नव्हतं.